एका कान्याचा फरक

आई, नातीला बघायला सगळ्यांत आधी आली ती मुलाची आत्या. मुलगा नाही, मुलाचा बाप नाही. घोड्याच्या जटक्यातून एकटीच उतरली, आणि तीही सांगितल्या वेळेच्या चांगली तासभर आधी. सून अजून केस पुसत होती, लेक विड्याची पानं आणायला बाजारात गेलेला, आणि मी पातळाचा ओचा खोचून परसात नारळ फोडत बसलेली. बाई दारातल्या ओट्यावर, तिण्णैवर टेकायलासुद्धा थांबली नाही, थेट स्वयंपाकघरात! "मंडळी मागून येताहेत, जटक्यात चौघं बसलं की माझा जीव गुदमरतो, म्हणून मी अंमळ पुढं आले." खोटं, साफ खोटं. चाळीस वर्षं वैधव्य काढलेलं तोंड होतं तिचं, कपाळ रिकामं, डोळे मात्र चिमणीसारखे इकडून तिकडे उडत होते. हंड्यात डोकावली, चुलीत डोकावली, रव्याची गोड केसरी झाकून ठेवली होती तिचं झाकण उचलून वास घेतला. "तूप सढळ दिसतंय," म्हणाली, "घरात काही झाकायचं असलं की माणसं तूप जास्त घालतात." मी म्हटलं, "बाई, झाकण तर तुम्हीच काढलंत." त्यावर हसली. पुढचा एक दात नव्हता तिला. मला वाटलं, ही भांडखोर आहे, जमेल आपलं.

आणि मग काय विचारलं असेल तिनं? पाटा कुठाय म्हणून! सोनं विचारतात, मुलीचा रंग बघतात, गाणं येतं का विचारतात. आजवर ह्या कुंभकोणात कोणी पाटा बघायला मागितला नव्हता. मी तिला मागच्या पडवीत नेलं. ती उकिडवी बसली, पाट्यावरून तळवा फिरवला, वरवंटा हातात घेऊन तोलला आणि म्हणाली, "पाटा गुळगुळीत झालाय हो तुमचा. टाकी लावायला झालाय." मी हो म्हटलं, अम्मी टाकणारी, टाकीनं पाटे खरवडून देणारी बाई ह्या गल्लीत महिनाभर ओरडलेली नाही. मग तिनं अगदी हळू विचारलं, "मुलीला पाट्यावरची गोष्ट कोण सांगणार? तुम्हीच ना?"

आई, माझ्या हातातली नारळाची कवड खाली पडली. मला इतकी वर्षं वाटत होतं ती रीत फक्त आपल्या इन्नंबूरच्या घरातली. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीला पाट्याजवळ बसवायचं, वाटण घ्यायचं आणि वाटता वाटता सांगायचं, म्हणजे दगडाच्या आवाजात बाहेरच्याला ऐकू जात नाही. तू मला सांगितलंस तेव्हा मी दहा वर्षांची होते. तू ओली हळद वाटत होतीस. दुपार होती, बाहेर मांडवाला केळीचे खांब बांधत होते, आणि मला सगळा वेळ एकच काळजी, की माझ्या नव्या परकरावर हळद उडेल. तू माझ्याकडे न बघता बोलत होतीस. नवरा मारेल. सगळ्यांचेच मारतात. ओरडायचं नाही, तिण्णैला कान असतात. मार चुकवायला हात आडवा घालायचा नाही, हात मोडतो आणि बांगडी फुटते, बांगडी फुटणं अशुभ. पाठ द्यायची. पाठीवर मांस असतं, पाठ सोसते. मार खाऊन उपाशी निजायचं नाही, आधी जेवायचं, मग रडायचं. आणि ऊठसूट माहेरी यायचं नाही. "आडीला माहेर, अडीला सासर," असं म्हणालीस आणि हसलीस. मीही हसले. मला तो उखाणाच वाटला. आडी महिना लागला की नव्या नवरीला माहेरी आणतात हे मला ठाऊक होतं, आणि अडी म्हणजे मार हे तर गल्लीतल्या तमिळ पोरींबरोबर खेळणाऱ्या कुठल्या पोरीला ठाऊक नसतं? मी तो उखाणा दिवसभर घोकत फिरले. पाहुण्यांना म्हणून दाखवला. सगळे हसले.

हे सगळं मी आज लिहितेय ह्याचं तुला नवल वाटेल, कारण तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नव्हतं. मला ह्या वयात नातीनं शिकवलं. माझ्या लेकाची मुलगी ही, मास्तरीण व्हायचं शिक्षण घेऊन मेलकावेरीच्या मुलींच्या शाळेत लहान वर्गाला शिकवते. अठरा पुरी झाली, आणि गल्लीतल्या बायका मला विचारतात, "काय हो आजी, नातीला लोणच्यासारखी मुरवत ठेवलीय का?" मी म्हणते, हो, मुरलेलंच लागतं चांगलं. शिकवताना तिनं पाटीवर अ काढला, मग आ काढला. मी म्हटलं, मला फळं-फुलं नकोत, माझ्या कामाचं काहीतरी लिही. तिनं लिहिलं आडी. मग काना पुसून टाकला आणि म्हणाली, "आजी, आता वाच." अडी! मी इतकी हसले, इतकी हसले की ठसका लागला. काना दिला की महिना, काना पुसला की मार. एवढ्याशा उभ्या काठीचा फरक. ती म्हणाली, "हसायला काय झालं?" मग मी तिला तुझा उखाणा सांगितला. ती हसली नाही. पहिलंच माणूस ते, आई, त्या उखाण्याला न हसलेलं.

काठीवरून आठवलं. तुझा जावई कापडाच्या दुकानातला गज घरी घेऊन यायचा. लोखंडी, दोन्ही टोकांना पितळ. देवळात भजनाला उभा राहिला की त्याच्या चिपळ्या अशा वाजायच्या की लोक माना डोलवायचे. विठ्ठलाची एवढी भक्ती दुसऱ्या कुणात नाही म्हणायचे. तोच हात. पहिल्यांदा मारलं ते मी हसले म्हणून. बांगडीवाला तिण्णैवर बसला होता, त्यानं काहीतरी म्हटलं, मी खळखळून हसले आणि ते दुकानापर्यंत ऐकू गेलं म्हणे. मी चौदा वर्षांची. घरात आला, दार लावलं, गज उचलला. मी शहाण्या मुलीसारखी पाठ दिली. पितळेचं टोक लागलं की आधी गार वाटतं, आई, हे तू सांगितलं नव्हतंस. आधी गार, मग आग. मी ओरडले नाही. त्याच बांगडीवाल्यानं भरलेली एकही बांगडी फुटली नाही. मग मी उठले, रसम-भात वाढून घेतला, जेवले, आणि मग रडले. सगळं तू सांगितल्या क्रमानं. मला तर वाटलं होतं, तू बघत असतीस तर मला शाबासकी दिली असतीस.

पण पोटात मूल असताना पाठ दिली की पोट भिंतीवर आदळतं. हे पाट्यावरच्या गोष्टीत नव्हतं. सकाळची वेळ, त्याला दुकानाची किल्ली सापडत नव्हती. किल्ली त्याच्याच अंगरख्याच्या खिशात होती, ते मागून कळलं. तिसरा तडाखा बसला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पोटासकट आपटले, आणि दुपारपर्यंत सगळं वाहून गेलं. सुईण म्हणाली, मुलगा होता. तेव्हा आडीच चालू होती. तू इन्नंबूरहून बैलगाडी घेऊन मला न्यायला आलीस, गाडीत गवत पसरलेलं, त्यावर घोंगडी. वाटेत चिखलात चाक रुतलं आणि तू खाली उतरून गाडीवानाच्या बरोबरीनं चाक ढकललंस. मला तुझी पाठ दिसत होती. तुझ्या पाठीवर, चोळीच्या काठाच्या वर, एक जुना आडवा वण आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. घरी पोचल्यावर तू मला गरम पाण्यानं न्हाऊ घातलंस, माझ्या पाठीवरून हात फिरवलास, आणि म्हणालीस, "तूच काहीतरी बोलली असशील."

आई, हे एक वाक्य मला गजापेक्षा जास्त लागलं. इतकी वर्षं मी ते पोटात ठेवलंय, आज लिहिते. मी काही बोलले नव्हते गं. मी फक्त किल्ली शोधत होते.

पुढच्या खेपेला दिवस राहिले तेव्हा तू तिरुक्करुगावूरच्या देवीला नवस बोललीस, तिथलं पोटाला लावायचं तेल आणलंस, आणि दुसरी एक वस्तू आणलीस. तुझ्या पाट्यावरचा वरवंटा. "बारशाला लागेल," म्हणालीस. बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवतात, बाळ दगडासारखं दणकट व्हावं म्हणून. "ह्यावर तुम्ही सगळी भावंडं जगलात." मला दोन्ही हातांनी उचलावा लागला. तुझ्या तळव्याच्या जागी तो थोडा झिजलेला होता, माझा तळवा तिथं बरोबर बसला.

आता तू म्हणशील, पाहुणे राहिले वाऱ्यावर आणि ही कुठं निघाली. येते, येते. मुलगा आणि मुलाचा बाप आले, लेक पानं घेऊन आला, सुनेनं कापी केली. मुलगा चोवीस वर्षांचा, मायावरमला रेल्वेत कारकून आहे. चष्मा लावतो, सडपातळ, बसताना आधी धोतराकडे बघतो कुठं चुरगळेल का. बाप मात्र भारी माणूस. मोठा आवाज. त्यानं कापीचा घोट घेतला आणि म्हणाला, "मुलगी शिकलेली आहे असं ऐकलं. ते काढता येईल." जशी काही खरूज. माझी नात तिथंच उभी होती. ती म्हणाली, "मला मुलाशी दोन गोष्टी बोलायच्यात. आजी बसेल जवळ." लेकाच्या हातातून पानच पडलं. बाप तोंड उघडायच्या आत ती आत्या बोलली, "जाऊ दे रे, दोनच गोष्टी म्हणतेय. तुझ्या बायकोला लग्नात दोन गोष्टी बोलायला मिळाल्या असत्या तर चार वर्षं जास्त जगली असती." ती त्याची थोरली बहीण, तीच एकटी त्याला अरे-तुरे करते.

त्याच्या आधीचं सांगायला हवं. नातीच्या शाळेत एक डाक्टरीणबाई आल्या होत्या. मोठ्या वर्गाच्या मुलींना आणि तरुण मास्तरणींना बसवून त्यांनी विचारलं, लग्नाकडून तुम्हाला काय हवंय, वहीत लिहा. कुणी लिहिलं गोरा नवरा, कुणी लिहिलं सासू नको, एकीनं लिहिलं मद्रास. नातीनं घरी आणून वही मला वाचायला दिली, माझा धडा म्हणून. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. शाळा सोडणार नाही. कापी गरम असताना, बसून पिईन. आणि खाली, दोन रेघा मारून: अडी नको. काना नसलेली. मला त्या कापीचं इतकं हसू आलं! साठ वर्षांत मी कापी गरम आणि बसून अशी एकदम कधी प्यायलेय ते आठवेना. मी म्हटलं, "बाकी सगळं मिळेल एखादेवेळी, हे कापीचं काही होत नाही बघ." ती खालची ओळ मात्र मी पुन्हा बोट ठेवून वाचली. डाक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जे हवंय ते लग्नाआधी मुलालाच विचारा, तोंडावर. मला वाटलं होतं असल्या गोष्टी पाटीवरच राहतात.

तर ती दोघं मागच्या पडवीत बसली, ती पायरीवर, तो उलट्या उखळावर, आणि मी पाट्याजवळ. मला कळलं मी काय करायचं ते. खोबरं आणि डाळं घेतलं आणि वाटायला लागले, चांगलं खर्र-खर्र, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये. नातीनं एकदम विचारलं, वळण नाही की वळसा नाही: "तुमच्या घरी अडी आहे का?"

मुलगा खुलला! चष्मा सारखा केला आणि म्हणाला, "आहे की! आमच्याकडे जोरात असते. अगदी आजोबांपासून चालत आलीय."

नातीचा चेहरा पांढराफटक. "आजोबांपासून?"

"हो. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवतात. आधी आत्याला, ती घरातली मोठी. मग लहान मुलांना. मुलं तर सकाळपासून वाट बघत असतात."

"लहान मुलांना पण?"

"त्यांनाच तर जास्त! आणि नवीन सून आली की तिला पहिल्या वर्षी, माहेरी जायच्या आधी, खास. तुम्हाला आवडेल."

आई, माझा हात वरवंट्यावरच थांबला. मी आधी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि मग माझ्या लक्षात आलं. माझ्या खर्र-खर्रीत त्याच्या कानात एक काना जास्त गेला होता! तो बिचारा आडीच्या नारळदुधाच्या खिरीबद्दल सांगत होता. मी इतकी जोरात हसले की खोबरं नाकात गेलं. नात माझ्यावर चिडली, तो बावळटासारखा दोघींकडे बघत राहिला. मग तिनं बोटानं पायरीवरच्या रांगोळीच्या पिठात लिहिलं, आडी. आणि काना पुसला.

त्यानं वाचलं. हसला नाही. हा दुसरा माणूस, आई, न हसलेला. मग म्हणाला, "तीही आहे. आडी एक महिना असते. ही बारा महिने. बाबा मारतात. आईला मारायचे, आत्याचा दात त्यांनीच पाडला, मला अजून मारतात."

"आणि तुम्ही?" नातीनं विचारलं.

मला वाटलं होतं, म्हणेल छे छे, मी तसला नाही. तसलं तर तुझा जावईसुद्धा म्हणाला असता. तो म्हणाला, "ठेसनात एक शिपाई आहे. त्यानं पार्सलाची चिठ्ठी हरवली. माझ्या हातात पट्टी होती. कधी उचलली मला कळलंच नाही. त्याच्या कानातून रक्त आलं. मी त्याची माफी मागितली, पण नंतर दिवसभर हा हात कोटाच्या खिशात ठेवला. मी मारणार नाही असं मला सांगता येत नाही. मला त्या हाताची भीती वाटते, एवढं सांगता येतं."

चूक माझी झाली. ऐकायच्या नादात मी वाटायचं विसरले होते. पडवी शांत, आणि पोराचा आवाज सरळ माजघरात. बाप उठून आला. आल्या आल्या मुलाच्या तोंडातच भडकावली. उघड्या पंजानं, सगळं अंग घालून. चोवीस वर्षांचा, सरकारी पगार घेणारा मुलगा उखळावरून खाली पडला, ओठ फुटला, चष्मा उडून माझ्या खोबऱ्यात पडला. "बायकांपुढं बापाची अब्रू काढतोस!" आणि मानगूट धरून वर ओढलं, दुसरी दिली. पोराचं डोकं खांबाला लागलं, तो आवाज मला ओळखीचा, डोकं आणि लाकूड. माझा लेक दारात थिजलेला. सून तोंडावर पदर धरून. बापानं तिसऱ्यासाठी हात उचलला, आणि ती दात पडलेली आत्या, एवढीशी बाई, त्या हाताला लोंबकळली. अगदी लोंबकळली, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले. "बस रे! तुझी अडी झाली ना? आता कापी पी, निवतेय!"

त्यानं तिला झटकलं. ती भिंतीवर आदळली, खाली बसली, पुन्हा उठली. तेवढ्यात त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हात खाली घेतला. का ते मला लगेच कळलं नाही. मग बघते तर मी उभी होते. ह्या गुडघ्यांनी कधी उभी राहिले कोण जाणे. आणि तुझा वरवंटा माझ्या हातात होता, खोबऱ्यानं माखलेला, थेंब गळताहेत.

नातीनं काय केलं सांगू? खोबऱ्यातून चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि मुलाच्या हातात दिला. एक काच तडकली होती. तो रक्त पुसत होता आणि, देवाशपथ सांगते, आपल्या त्या उजव्या हाताकडे बघत होता. मूठ वळलेली नव्हती. मग नात बापाकडे वळून म्हणाली, "तुम्ही माझ्या घरी पुन्हा येऊ नका." माझ्या घरी म्हणाली, आई! आणि मुलाला म्हणाली, "मी हो म्हटलेलं नाही. नाही पण म्हटलेलं नाही. तुम्ही मायावरमला वेगळं बिऱ्हाड करणार असाल, आत्याला बरोबर नेणार असाल, आणि त्या शिपायाचं नाव मला कळवणार असाल, तर आडी संपल्यावर या. त्याला मी स्वतः पत्र घालून विचारणार आहे, तुमचा हात पुन्हा उठला का." अशी अट कुणी कधी ऐकलीय? हुंडा नाही, मानपान नाही, ठेसनातल्या शिपायाचं नाव! बाप शिव्या देत जटक्याकडे गेला. मुलगा म्हणाला, "कळवतो." आत्या माझ्या कानाशी लागली, "मी आधी का आले माहीत आहे? पोरीला पळ म्हणून सांगायला आले होते. पण तुमचा वरवंटा बघितला आणि थांबले. इतका झिजलेला, आणि अजून फळीवर नाही, पाट्याच्या उजव्या हाताला, उचलायला तयार." मग माझ्या हातावर केसरीचा एक घास ठेवून गेली. माझीच केसरी, मलाच!

आता वरवंटा उजव्या हाताला का असतो ते सांगायचंय, आणि त्यासाठीच एवढं लांबण लावलं. तू तो वरवंटा दिलास त्यानंतर दोन महिन्यांनी, हाच लेक पोटात होता, तुझा जावई दुपारी जेवायला आला. सांबार आंबट झालं होतं. गज दुकानातून घरी आलेलाच होता. तो स्वयंपाकघरात आला, मी पाट्याशी बसलेली. मी पाठ दिली नाही, पुढे भिंत होती. हात दिला नाही, तू नको म्हणाली होतीस. त्याचा अनवाणी पाय पाट्याच्या कडेला होता. वरवंटा त्यावर पडला, तीन बोटं चिरडली. वासरासारखा बसला तो खाली, तोंडातून आवाजच येईना. आणि गंमत बघ, सगळ्या गल्लीला मी सांगितलं, निसटला. त्यानंही सांगितलं, निसटला. दुसरं काय सांगणार तो, चिपळ्या वाजवणारा? त्यानंतर त्याचा गज घरी आला नाही असं नाही, दोनदा आला. पण आधी तो उंबऱ्यात थांबायचा आणि वरवंटा कुठं आहे ते बघायचा, आणि मग तिथूनच बोलायचा. जन्मभर लंगडला. शेवटच्या आजारात मी त्याचे ते पाय चेपले, मनापासून चेपले, तेही सांगून ठेवते.

तू बातमी ऐकून इन्नंबूरहून अनवाणी चालत आलीस, जावयाच्या पायासाठी विठ्ठलाला नवस बोलून. माझ्या पोटासाठी आणलेलं तेल त्याच्या पायाला चोळलंस. मग स्वयंपाकघरात येऊन वरवंटा उचललास, एका हातानं, तोललास, माझ्याकडे बघितलंस, आणि मला झापलंस, "हाताला पकड नाही तुझ्या! आंधळी कुठली." मी खाली मान घातली. तू वरवंटा फळीवर नाही ठेवलास. पाट्यावर ठेवलास, माझ्या उजव्या हाताला.

मंडळी गेल्यावर नातीनं विचारलं, "आजी, माझं ठरलंच, तर तू पाट्यावर मला काय सांगणार?" मी म्हटलं, आधी हा उचलून बघ, किती जड आहे ते. तिनं उचलला. दोन्ही हात लावले, पण उचलला, आणि खाली ठेवताना तिला कुणी सांगितलं नव्हतं तरी बरोबर त्याच जागी ठेवला. मी इतकी खूश झाले की उरलेली सगळी केसरी मी एकटीनं खाल्ली. मुलगा चांगला आहे की नाही मला माहीत नाही, आई. त्याचा हात कुणाचा होतो, बापाचा की त्याचा स्वतःचा, ते बघायचंय. पण एवढी हसले मी आज, आणि एवढी घाबरले, की लिहिल्याशिवाय राहवेना.

हा कागद कुठं पाठवायचा? चिंचेच्या बरणीखाली ठेवते. तुला वाचता येत नव्हतं तेच बरं, कारण एक गोष्ट मी तुझ्यापुढं तोंडानं कधीच बोलले नसते. माझ्या हाताला पकड होती, आई. चांगली होती. मी नेम धरला होता.

परवा आडी लागते. मुलगा आणि आत्या, दोघंच, ती संपून आवणी लागली की पहिल्या बुधवारी येतो म्हणून सांगून गेलेत. त्याच्या आदल्या मंगळवारी मी अम्मी टाकणारीला बोलावून ठेवलंय.